नोव्हेंबरात जपान, आम्ही दोघंच – प्लॅन बघून सांगता का?

मुठाकाठची

नमस्कार मंडळी,

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि हे जपानला जायचं म्हणतोय, आपलं आपण, टूर कंपनी नाही. लेक म्हणते आई ग्रुपनेच जा, पण सहाला बॅगा दाराबाहेर, सातला बसमध्ये, तिथे पंचवीस मिनिटं फोटो काढा आणि चला, असं आम्हाला नकोय. दोघंही नुकते रिटायर झालोय, घाई कशाचीच नाही.

मला जपान बघायचंय ते बागा आणि देवळांसाठी. सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी वर्षानुवर्षं सकाळी चालायला जाते, ती बाग ओकायामाच्या कोराकुएनवरून केलेली आहे हे पुणेकरांना माहितीच असेल, तर ती मूळ बाग एकदा डोळ्यांनी बघायची असं फार वाटतं. ह्यांना रेल्वेचं वेड. जन्मभर मशीन शॉपमध्ये काढल्यामुळे असेल, पण शिनकान्सेनचा म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनचा विषय निघाला की जेवण गार होतं.

आत्तापर्यंत जमवलेला प्लॅन असा: टोकियोला उतरायचं, तिथे तीन रात्री, मग हाकोने एक, ताकायामा एक, शिराकावागो बघून कानाझावा एक, क्योटो दोन, त्यातच नारा उरकायचं, ओसाका एक, हिरोशिमा एक आणि परत टोकियोला येऊन विमान. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे काहीही बदलता येईल.

मला विचारायचंय ते म्हणजे एक तर हे जास्त होतंय का? दुसरं, जेआर पास म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवसांचा पास घ्यावा का, कारण यूट्यूबवर कोणी घ्याच म्हणतं कोणी अजिबात नको म्हणतं. तिसरं खाण्याचं, मी शाकाहारी आहे (अंडं केकमधलं चालतं, मासे-मटण नाही), हे मासे खातात त्यामुळे त्यांची काळजी नाही. आणि माझा उजवा गुडघा, सपाट रस्त्यावर कितीही चालेन पण पायऱ्या जास्त झाल्या की दुसऱ्या दिवशी बसून राहावं लागतं. व्हिसाबद्दलही अलीकडचा अनुभव असेल तर सांगा. आधीच आभार!

---

ओसाकावासी

ताई नमस्कार. कामानिमित्त बरीच वर्षं ओसाकात राहतोय, पुण्या-मुंबईचे पाहुणे सारखे येत असतात, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो, राग मानू नका. तुमच्या प्लॅनमधली ठिकाणं सगळी चांगली आहेत पण एकत्र करून तो टूर कंपनीचाच प्लॅन झालाय, फक्त बस नाही आणि बॅगा तुम्ही ओढताय. जवळजवळ रोज हॉटेल बदलायचं म्हणजे सकाळी अकराच्या आत खोली सोडा, लॉकर शोधा, तीन वाजेपर्यंत पुढची खोली मिळत नाही, यात अर्धा दिवस जातो, आणि नोव्हेंबरात दिवस मुळातच लहान. इथे त्या दिवसांत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळं चार-पाचला बंद होतात.

माझं म्हणणं असं की मुक्काम कमी करा. टोकियो चार रात्री, क्योटो पाच, हिरोशिमा एक, कोयासान एक, शेवटची ओसाका. ताकायामा-शिराकावागो-कानाझावा हा पट्टा सुंदर आहे यात वाद नाही, पण तो वेगळ्या सहलीचा विषय आहे, त्याला निदान चार दिवस द्यायला हवेत. हाकोनेही सोडा. फुजी बघायचा तर टोकियोत असताना आदल्या रात्री हवामान बघून शिंजुकूहून कावागुचिकोची बस पकडा, दोन तासांत पोचवते. हॉटेल आधी बुक करून ढगांची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं, नोव्हेंबरात सकाळी आकाश स्वच्छ असण्याची शक्यता चांगली असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकियोला परत जाऊ नका. टोकियोला उतरा आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघा, सिंगापूर बँकॉक हाँगकाँगमार्गे येणाऱ्या कंपन्या असं तिकीट आरामात देतात आणि भावात फार फरक पडत नाही.

आता पासचा हिशोब. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभर चालणाऱ्या जेआर पासची किंमत एकदम वाढली, सात दिवसांचा पास २९,६५० येनला होता तो ५०,००० झाला. तुम्ही जे व्हिडिओ बघितले असतील त्यात घ्याच म्हणणारे बरेचसे त्याआधीचे असणार. तुमचं गणित बघा, टोकियो ते क्योटो नोझोमी नावाच्या सगळ्यात वेगवान शिनकान्सेन गाडीने एका माणसाला साधारण १४,००० येन. ओसाका-ओकायामा-हिरोशिमा-ओसाका सगळं सुटं तिकीट काढलं तरी बावीस हजाराच्या आसपास. म्हणजे पन्नास हजार होतच नाहीत. त्यातही पश्चिमेकडच्या भागासाठी जेआर वेस्टचा कान्साई-हिरोशिमा पास आहे, पाच दिवसांचा, १७,००० येनच्या घरात, त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिनकान्सेन येते, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआर बोटही येते. फक्त लक्षात ठेवा, क्योटो ते शिन-ओसाका हा तुकडा दुसऱ्या कंपनीचा, तिथे या पासवर शिनकान्सेनमध्ये बसता येत नाही, साध्या लोकलने ओसाकाला यायचं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. निघण्याआधी जेआर वेस्टच्या साइटवर किंमत बघून घ्या. (शंभर येन म्हणजे आपले पंचावन्न-साठ रुपये धरून चला.)

क्योटोबद्दल. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे मोमिजी, मेपलची पानं लाल होण्याचे दिवस, वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी एप्रिलच्या सुरुवातीला आणि तेव्हाच. हॉटेलं भराभर जातात आणि महागतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी क्योटोची खोली बघा. आणि सकाळ तुमची मानून चाला. कियोमिझुदेरा हे देऊळ सहाला उघडतं, फुशिमी इनारी देवळाला तर दारच नाही, चोवीस तास खुलं आणि फुकट. साडेसहाला गेलात तर त्या केशरी तोरींच्या म्हणजे कमानींच्या रांगेत दोघांना शांतपणे चालता येईल, नऊनंतर पुढच्या माणसाच्या पाठीमागे सरकायचं एवढंच. गुडघ्यासाठी सांगतो, इनारीचा डोंगर २३३ मीटरचा आहे, वर जायची काही गरज नाही, दाट तोरींचा पहिला टप्पा बघून परत फिरा. कियोमिझुला चढण आहे पण हळूहळू जमेल. सपाट हवं असेल तर निजो किल्ला, जिथे पाय ठेवला की लाकडी जमीन पक्ष्यासारखी किलबिलते, आणि तत्त्वज्ञांची वाट म्हणतात तो कालव्याकाठचा दोनेक किलोमीटरचा रस्ता.

आणि सांजूसांगेंदो चुकवू नका. एकशेवीस मीटर लांब लाकडी दालन, त्यात कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती आणि त्यांच्यापुढे अठ्ठावीस रक्षक देवता. ब्रह्मा, इंद्र, गरुड सगळे तिथे उभे आहेत, नावं आणि चेहरे जपानी झालेत पण ओळखू येतात. आत फोटो काढायला बंदी आहे आणि मला ते फार बरं वाटतं, लोक तिथे खरंच बघत उभे राहतात. एकही पायरी चढायची नाही असं नाही, पण त्रास होण्यासारखं काही नाही.

नारा "उरकू" नका. तिथल्या तोदाइजी देवळातला बुद्ध पंधरा मीटर उंच आहे हे सगळे सांगतात, पण सन ७५२ मध्ये त्याचे डोळे रेखण्याचा विधी झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. समुद्रमार्गे तो माणूस तेव्हा तिथवर गेला होता. क्योटोहून पाऊण-एक तास लागतो, सकाळी जाऊन अख्खा दिवस तिथे घालवा.

---

ताकपोळी

खाण्याचं मी सांगते, कारण मी स्वतः कट्टर शाकाहारी आहे आणि नवऱ्याच्या बदलीमुळे योकोहामात राहिलेय.

पहिली गोष्ट समजून घ्या, जपानमध्ये अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचे कीस आणि कोंबू हे समुद्री शेवाळ उकळून केलेलं पाणी, आणि ते सगळ्यात असतं. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, भाज्या शिजवलेल्या असतात त्यात, टेम्पुराबरोबरची चटणी, अगदी इनारी सुशीवरचं तळलेलं टोफूसुद्धा त्यात शिजवलेलं असतं, दिसायला पूर्ण शाकाहारी. आणि वाढणारा माणूस अगदी मनापासून सांगतो की यात मासा नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते पाणी आहे, मासा नाही. त्यामुळे नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही. जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या, मांस नको, मासा नको, माशाची दाशीही नको, आणि ती ऑर्डर देण्याआधी दाखवा. नाही जमत असेल तर ते स्पष्ट आणि नम्रपणे नाही म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या दुकानात जा.

आता काय मिळतं ते. टोकियो स्टेशनच्या आतच टीज तानतान म्हणून पूर्ण व्हीगन रामेनचं दुकान आहे, क्योटोची गाडी पकडायच्या दिवशी तिथेच जेवा. क्योटोत नानझेनजी देवळाच्या आजूबाजूला युदोफू म्हणजे गरम टोफूची जुनी घरं आहेत, तिथे दाशी फक्त कोंबूची आहे का विचारायचं. भारतीय हॉटेलं सगळीकडे आहेत, बरीचशी नेपाळी लोक चालवतात, संध्याकाळी दमून आल्यावर डाळ आणि गरम नान मिळालं की जीवात जीव येतो. टोकियोत शिंजुकूला नाकामुराया आहे, तिथली भारतीय करी १९२७ पासून चालू आहे आणि ती शिकवली रासबिहारी बोस यांनी, इंग्रजांपासून लपलेले असताना त्याच घराने त्यांना आसरा दिला होता. ती करी चिकनची असते, त्यामुळे ती तुमच्या ह्यांच्यासाठी.

कन्व्हिनियन्स स्टोअर म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, इथे उमेबोशीचा म्हणजे आंबट खारवलेल्या उमे फळाचा ओनिगिरी (भाताचा गोळा), साधा मीठ लावलेला भात, केळी, दही, सुकामेवा मिळतो. पाकिटावर मोबाइलचा कॅमेरा धरला की भाषांतर दिसतं, ते बघायची सवय लावून घ्या कारण पावात लार्ड म्हणजे डुकराची चरबी असू शकते. नोव्हेंबरात भाजलेली रताळी मिळतात, गोड आणि मऊ, आणि काकी म्हणजे पर्सिमन फळांचा तो ऐन हंगाम, भरपूर खा.

घरून मेतकूट, चटण्या, उपमा-पोह्याची तयार पाकिटं, खाकरे न्या. हॉटेलच्या खोलीत पाणी तापवायची किटली जवळजवळ सगळीकडे असते. आपली इथली किटली नेऊ नका, तिकडे वीज १०० व्होल्टची, ती तापतच नाही नीट. प्लग दोन चपट्या पिनांचा लागतो. मांसाचा पदार्थ कुठल्याही स्वरूपात आणि ताजी फळं-भाज्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

आणि कोयासान! ओसाकावासींनी नुसतं नाव घेऊन सोडलं, मला राहवत नाही. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून उभ्या चढावरची केबल कार, आणि वर आठशे मीटरवर डोंगरात देवळांचं गाव. कुकाई ऊर्फ कोबो दाइशी यांनी ८१६ मध्ये स्थापन केलेलं. मुक्काम देवळातच करायचा, त्याला शुकुबो म्हणतात, आणि जेवण शोजिन र्योरी, भिक्षूंचं जेवण, पूर्ण शाकाहारी. तिळाचं टोफू, कोयादोफू म्हणजे गोठवून वाळवलेलं टोफू, रानभाज्या, लोणची, छोट्या छोट्या वाट्यांमधून येतं. अख्ख्या जपानात मला एकदाही "यात काय आहे" असं न विचारता जेवता आलं ते तिथे. पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना असते, पाहुण्यांना बसू देतात.

मग ओकुनोइनला जा, दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे देवदारासारखे उंच वृक्ष आणि दोन लाखांवर समाध्या. पाच दगड एकावर एक रचलेले स्तंभ दिसतील, ती पंचमहाभूतं, आणि जवळ जाऊन बघा, त्यांच्यावर सिद्धम लिपीतली संस्कृत अक्षरं कोरलेली असतात, खालून वर अ, व, र, ह, ख. शेवटी कोबो दाइशींची जागा. ते ८३५ मध्ये समाधिस्थ झाले पण गेले नाहीत, ध्यानात बसलेत अशी श्रद्धा आहे, अजून रोज सकाळी दोनदा त्यांच्यासाठी जेवण नेतात. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आळंदीला माउलींच्या समाधीपुढे उभं राहिलेल्या माणसाला लगेच कळतं.

आणखी एक, कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलाय, महाराष्ट्र आणि वाकायामा प्रांताच्या मैत्रीतून. तो जरूर बघून या.

गुडघ्यासाठी, शुकुबोत जेवण जमिनीवर बसून असतं, बुकिंग करतानाच खुर्ची हवी असं लिहा, बरेच ठिकाणी बुटकी खुर्ची देतात. थंडी भरपूर असते, थर्मल न्या. तिथली लाल पानं तुम्ही जाल तोवर बरीचशी गळलेली असतील, पण त्यामुळे काही बिघडत नाही.

---

रुळावरचा

ओसाकावासी दादांनी यादीत हिरोशिमा ठेवलं हे बघून बरं वाटलं, कारण असल्या चर्चेत पहिली कात्री हिरोशिमालाच लागते, "सुट्टीत कशाला उदास व्हायचं" म्हणून. माझं ठाम मत आहे की जपानला जाऊन हिरोशिमा टाळू नये. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८:१५. संग्रहालयात त्या वेळेला थांबलेलं घड्याळ आहे, शाळेच्या मुलांचे कपडे आहेत, जेवणाचे डबे आहेत. तिकीट २०० येन. बाहेर आलं की बोलावंसं वाटत नाही, नदीकाठी बाकं आहेत तिथे बसायचं. म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, सकाळी उघडतानाच जा आणि दुपारी मोकळे राहा. मियाजिमा दुसऱ्या दिवशी, त्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून जा. भरतीला ते तांबडं तोरी पाण्यात उभं असतं आणि ओहोटीला चालत त्याच्या पायापर्यंत जाता येतं, जमलं तर दोन्ही बघा.

आता काकांसाठी. हिरोशिमाच्या ट्राम बघायला सांगा त्यांना. ६५१ आणि ६५२ नंबरच्या ट्राम बॉम्ब पडला तेव्हा शहरात होत्या, दुरुस्त केल्या आणि अजून रस्त्यावर आहेत. बॉम्बनंतर तीन दिवसांत ट्रामचा एक छोटा मार्ग परत सुरू झाला होता. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला यात काय आहे ते वेगळं सांगायला नको.

शिनकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी. तेव्हा टोकियो-ओसाका चार तास लागायचे, आता नोझोमी अडीच तासांच्या आत नेते. टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडची दोन सीटची रांग घ्या, खिडकी म्हणजे ई नंबर, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी फुजी तिथेच दिसतो. गाडीचा डबा कितीही चांगला असला तरी दहा मिनिटं प्लॅटफॉर्मवर उभं राहून न थांबणारी गाडी जाताना बघायची असेल तर ती मजा टोकियोत नाही, तिथे सगळ्याच थांबतात, त्यासाठी मधलं स्टेशन लागतं, ओदावारा वगैरे. क्योटोत रेल्वे म्युझियम आहे, २०१६ मध्ये उघडलं, क्योटो स्टेशनवरून वीस मिनिटं चालत. जुनी गोल शेड तशीच ठेवलीये, मधे टर्नटेबल, भोवती वाफेची इंजिनं. शिवाय गोल नाकाची पहिली शिनकान्सेन, शून्य सिरीज.

आणि इथे एक सुचवतो. क्योटोत एक दिवस दोघांनी वेगवेगळं जा. काका म्युझियममध्ये, काकू बागांमध्ये, संध्याकाळी स्टेशनवर भेटा. एकमेकांच्या घड्याळाकडे बघत फिरण्यात दोघांचाही विरस होतो, आणि जपान इतकं सुरक्षित आहे की काळजीचं कारणच नाही. आम्ही दोघं तसंच करतो आणि रात्री जेवताना बोलायला भरपूर असतं.

कोराकुएनसाठी वेगळा मुक्काम नको. ओकायामा हे ओसाका-हिरोशिमा मार्गावरच आहे, शिन-ओसाकाहून पाऊण तास. सकाळी उतरा, बॅग लॉकरमध्ये, ट्रामने शिरोशिता, तिथून दहा मिनिटं चालत. बाग १७०० मध्ये पूर्ण झाली, जपानच्या तीन नामवंत बागांत गणली जाते, कानाझावाची केनरोकुएन आणि मितोची काइराकुएन या बाकी दोन. मोकळी हिरवळ, मधून वाहणारं पाणी, चहाचा मळा, क्रौंच पक्षी, आणि नदीपलीकडे काळा किल्ला. जवळजवळ सगळं सपाट आहे. तीन तास घ्या आणि दुपारच्या गाडीने हिरोशिमा.

---

सदाफुली

व्हिसाचं पटकन. भारतात राहणाऱ्या भारतीयांना एप्रिल २०२४ पासून टुरिस्ट ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस या व्हिसा केंद्राकडेच द्यायचा, पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. उतरताना तो फोनवर इंटरनेट चालू करून ई-व्हिसाच्या साइटवरच उघडून दाखवावा लागतो, प्रिंटआउट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून ई-सिम निघण्याआधीच टाकून ठेवा. व्हिजिट जपान वेब या साइटवर इमिग्रेशन-कस्टमचं भरून क्यूआर कोड काढून ठेवला की रांग लवकर सरकते.

रिटायर झालेले आहात म्हणून औषधांबद्दल. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एक महिन्यापुरत्या नेता येतात, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या. त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दी-खोकल्याची औषधं मात्र बघून घ्या, कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या-सिरपवर तिथे कडक नियम आहेत, आपल्याकडे सहज मिळणारी सर्दीची गोळी तिथे अडवली जाऊ शकते. त्या नेऊच नका.

---

मुठाकाठची

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांना रात्री सगळं वाचून दाखवलं, ट्रामचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले हिरोशिमाला दोन रात्री करूया का. मी हो म्हटलंय. टोकियो एक रात्र कमी केली. हाकोने, ताकायामा, कानाझावा यादीतून काढलं, काढताना जरा वाईट वाटलं पण कागदावर आता प्लॅन बघितला की श्वास घेता येतो.

वेगवेगळं फिरायचं सुचलंच नव्हतं, इतकी वर्षं एकत्रच फिरलो, पण कल्पना आवडली दोघांनाही.

आता दोन छोटे प्रश्न. क्योटोहून ओकायामा, हिरोशिमा, मग कोयासान, या सगळ्यात मोठ्या बॅगा कशा न्यायच्या? माझ्याने त्या स्टेशनात उचलणं होणार नाही. आणि ऑनसेन म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात एकदा तरी बसायचंय, गुडघ्याला बरं वाटेल, पण सगळ्यांसमोर उघड्याने बसायचं म्हणतात ते मला जमेल असं वाटत नाही.

---

ओसाकावासी

बॅगांची काळजी सोडा ताई. इथे ताक्युबिन असतं, काळ्या मांजराच्या चिन्हाची यामातो कंपनी सगळ्यात मोठी. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, क्योटोच्या हॉटेलचा पत्ता आणि तुमच्या बुकिंगचं नाव लिहायचं, बहुधा दुसऱ्या दिवशी तिथे पोचलेली असते. एका मोठ्या बॅगेला दोन-तीन हजार येन पडतात. म्हणजे टोकियो-क्योटो प्रवासात तुमच्या हातात फक्त पाठीवरची सॅक. क्योटो सोडताना त्याच पद्धतीने मोठ्या बॅगा शेवटच्या ओसाकाच्या हॉटेलला पाठवून द्या, तारीख लिहून दिली की त्या दिवशी पोचवतात, हॉटेलला आधी एक मेल टाकून विचारा एवढंच. हिरोशिमा आणि कोयासानला दोन-तीन दिवसांचे कपडे घेऊन जायचं. स्वतःच न्यायच्या ठरवल्या तर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी शिनकान्सेनमध्ये शेवटच्या रांगेची खास सीट आधी राखून ठेवावी लागते.

---

ताकपोळी

ऑनसेनचं मी सांगते. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं, कोणी कोणाकडे बघत नाही, आधी बसून स्वच्छ आंघोळ करायची आणि मग पाण्यात उतरायचं, दहा मिनिटांत संकोच जातो. तरी नको वाटलं तर काशिकिरी म्हणून असतं, अख्खं कुंड पाऊण-एक तासासाठी फक्त तुमचं, दोघं मिळून बसता येतं, जोडप्यांसाठी तेच सगळ्यात चांगलं. ओसाकाच्या जवळ आरिमा ऑनसेन आहे, बसने तासभर, जपानच्या सगळ्यात जुन्या ऑनसेनपैकी, तिथलं एक पाणी लोहामुळे गंजाच्या रंगाचं असतं. शेवटच्या ओसाकाच्या दिवसाला जोडून टाका. खोली घेताना काशिकिरी आहे का आणि जेवणाशिवाय राहता येतं का हे विचारा, कारण तिथल्या रात्रीच्या जेवणात तुमच्यासाठी फार काही नसेल. पाण्यात एका वेळी दहा-बारा मिनिटांच्या वर बसू नका, बीपीची गोळी चालू असेल तर आणखी कमी, आणि बाहेर आल्यावर लगेच उभं न राहता काठावर जरा टेकायचं.

---

रुळावरचा

हिरोशिमा दोन रात्री, उत्तम. मग पाच दिवसांच्या त्या पासचा पहिला दिवस ओकायामाला निघता त्या सकाळचा धरा, म्हणजे परत ओसाकाला येईपर्यंत सगळं त्यात बसतं. कोयासानची नानकाई वेगळी, तिचं तिकीट नाम्बाला काढायचं. क्योटोची खोली मात्र या आठवड्यातच बघा, मोफत रद्द करता येणारी घ्या आणि तारखा पक्क्या झाल्या की इथे टाका, त्या दिवसांची मियाजिमाची भरतीची वेळ काढून देतो.